उन्हाच्या आधीचा मुहूर्त

आमच्या गावात दोनच आवाज वेशीच्या पार जायचे. एक पिठाच्या गिरणीचा आणि दुसरा मुकुंदगुरुजींच्या ‘सावधान’चा. गिरणी अजून चालू हाय. गुरुजी न्हाईत. म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली, तवा अक्षर जरा वाकडं चालतं. पण ज्या माणसानं मला माझ्याच अंगणात, भर दुपारी, कोट-फेटा घालून उन्हात उभं केलं, त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहावं हे मला पटत न्हाई. दुसरा काहीतरी चुकीचं लिहील. मी हारलो असंसुद्धा लिहील.

आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडं. गुरुजी महादेवाच्या देवळामागं राहायचे. सकाळची पूजा, गावातले सत्यनारायण, वास्तू आणि वैशाखात लग्नं, हा त्यांचा धंदा. देवळाच्या वळणावरून ते यायचे तवा आधी पोट यायचं, मग गुरुजी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पितळी लोटा, त्यावर वाटीचं झाकण. छत्री मूळची काळी, पण तिच्यावर त्यांनी बायकोच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा शिवून घेतला होता. पोरं त्या छत्रीला ‘गुरुजींची म्हातारी’ म्हणायची. गुरुजी चिडायचे न्हाईत. म्हणायचे, “काळं कापड ऊन पितं रे, पांढरं थुंकतं. म्हातारी शहाणी हाय माझी.”

उन्हाशी त्यांचं भावकीतलं भांडण होतं. बांधावरून चुलतभावाकडं बघावं तसे ते वर बघायचे. कुणी भेटला का ‘कसं काय’ न्हाई, ‘पोरंबाळं बरी का’ न्हाई, पहिलं विचारणार, “पाणी प्यालात का?” प्यालो म्हटलं तरी लोट्याची वाटी पुढं करणार. घड्याळ बांधायचे, पण ते बघून झाल्यावर आभाळाकडं बघायचे आणि आभाळावर भरवसा ठेवायचे.

पण हे सगळं नंतरचं. आधी गुरुजी असे नव्हते. आधी त्यांना फक्त स्वतःच्या आवाजाचं वेड होतं. मंगलाष्टकात ते पाहुण्यांची नावं घालायचे. लोक मांडवातच चिठ्ठ्या पुढं सरकवायचे, “गुरुजी, आमच्या साडूचं बी नाव घ्या.” गुरुजी साडूला असा काही ओळीत बसवायचे का साडू पुढचे चार महिने छाती काढून फिरायचा. आणि शेवटचं ‘सावधान’ ते ओढायचे, ओढायचे, पार पलीकडच्या शिवारात औत थांबेपर्यंत ओढायचे.

हे सगळं बदललं ते माझ्या थोरल्या नातीच्या, पूजाच्या लग्नात.

पत्रिकेवर मुहूर्त होता दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. आमच्या भागात बारा-पस्तीस छापायचं आणि लग्न तीनला लावायचं, ही रीतच हाय. पत्रिका छापणाऱ्याला ते माहीत असतं, स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असतं, नवरदेवाला तर आधीच माहीत असतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला जातो, पुढं डीजे, डीजेपुढं पोरं. मारुतीपासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण नाचणाऱ्याला अंतर कुठं कळतं? त्या दिवशी घोडंच रस्त्यात बसलं. नवरदेव वर, घोडं खाली. पोरांना वाटलं घोडं बी नागीण डान्स करून राहिलं. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

गुरुजी मांडवातून ओरडले, “अरे त्याला पाणी पाजा! तुमच्यात त्यालाच अक्कल दिसते, ते तरी बसलं!”

ऊन आमाला नवीन न्हाई, हे मी तवा बी म्हणत होतो आणि आता बी म्हणतो. पण पहिलं दिवसा तापलेली भिंत रात्री निवायची. आता पहाटे उठून हात लावला तरी भिंत तापलेली. हळद शिजवणारी माणसं म्हणतात, भट्टीपाशी आणि झाडाखाली सारखंच वाटतं. टीव्हीवर म्हणतात हवामान बदललं. बदललं असंल. आमी मात्र मांडव पहिल्यापेक्षा जास्त बंदिस्त करायला लागलो. वरून कापड, बाजूनं सॅटिनचे पडदे, वाऱ्याला आत यायला जागा न्हाई. मोठाले पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते.

पूजाचा मामा गंगाधर, म्हणजे माझ्या सुनेचा, सुमनचा भाऊ. जीप चालवायचा. आदल्या दिवसापासून पाहुणे आणून राहिला होता. पोटात चहाशिवाय काही न्हाई, अंगात सफारी, डोक्याला फेटा. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, तसा तो उभा राहिला. गुरुजींचा आवाज त्या दिवशी फारच लागला होता. व्याह्यांनी आत्याचं नाव पुढं केलं, गुरुजींनी घेतलं. मग चुलत्यांचं आलं. मग साडू. शेवटचं ‘सावधान’ संपलं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि गंगाधर वाकला. आमाला वाटलं भाचीसाठी रडून राहिला. फोटोवाला म्हणाला, “मामा, जरा वर बघा, हसा.” गंगाधर वर बघायच्या ऐवजी खाली गेला.

आमच्याच गावच्या वाघमारे सिस्टर, उपकेंद्रातल्या, पाहुण्या म्हणून आल्या होत्या. जरीची साडी नेसलेल्या. त्यांनी गंगाधरच्या कपाळाला हात लावला आणि अशा ओरडल्या का डीजे बंद पडला. “याला घामच न्हाई! अंग निखारा झालंय! पडदे फाडा, बर्फ आना!” मठ्ठ्याच्या ड्रममधला बर्फ गंगाधरच्या काखेत गेला. गुरुजींनी हातातला अंतरपाट मठ्ठ्याच्याच ड्रममध्ये बुडवला आणि त्याच्या अंगावर टाकला. तसेच, उघड्या अंगानं, धोतरावर जीपमध्ये बसले आणि गंगाधरचं डोकं मांडीवर घेऊन हिंगोलीपर्यंत उपरण्यानं वारा घालत गेले.

गंगाधर वाचला. पण त्याचा हात थरथरायला लागला. जीप सुटली. डॉक्टरनं सांगितलं, परत असं झालं तर आमी काही करू शकनार न्हाई, ऊन टाळा. आता तो फाट्यावर छपराखाली बसून दुसऱ्यांच्या गाड्यांत हवा भरतो.

 मग एक दिवस गुरुजी माझ्या ओट्यावर येऊन बसले.

“किसनराव, त्या दिवशी मी आत्या घेतली, चुलते घेतले, साडू घेतला. सगळ्यांना मान दिला आणि मामाच्या वाट्याचं ऊन वाढवलं.”

“काहीतरीच काय गुरुजी. तो रातभर जागलेला, उपाशी. ऊन काय करतंय?”

“ऊन जागलेला, उपाशीच माणूस शोधतं,” गुरुजी म्हणाले. “आणि आपल्या लग्नात तसे सगळेच असतात.”

त्या दिवसापासून साडू बंद. गुरुजींचं मंगलाष्टक इतकं आखूड झालं का एका लग्नात फोटोवाला बॅटरी बदलून येईस्तोवर लग्न लागून गेलं होतं. त्याच्याकडं त्या लग्नाचे फक्त जेवणाचे फोटो हायेत.

मग आला लोटा. वाघमारे सिस्टर लग्नालग्नात सांगत फिरायच्या, मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्या, अंग घामानंच निवतं आणि घामाला पाणी-मीठ लागतं, त्यात आता रात्री बी गरम, अंगाला दम घ्यायला येळच न्हाई. लोक म्हणायचे, हो सिस्टर, आणि पुढं जायचे. गुरुजींनी हे बघितलं. पुढच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरायच्या आधी पाटावर एक मोठा लोटा ठेवला, त्यावर फूल वाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “शीतलविधी! वधू, वर, वधूचा मामा, दोन्हीकडच्या आया, सगळ्यांनी लोटा घ्यायचा. एका घोटात न्हाई, बसून, सावकाश. विधी हाय.”

विधी म्हटल्यावर कोण न्हाई म्हणतो? सगळे बसले आणि प्यायले. पाणी प्यायचं तवा गुरुजी नद्यांची नावं घ्यायचे. गंगा, यमुना, गोदावरी झाली का हळूच पूर्णा घालायचे, मग कयाधू, मग पैनगंगा. एकदा मी नीट कान देऊन ऐकलं, तर त्यात सिद्धेश्वरचा कालवा बी होता. संस्कृतात इतका शोभत होता का कुणाला कळलं न्हाई.

एका व्याह्याला संशय आला. “गुरुजी, हे कोन्त्या पोथीत हाय?”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “पोथी लिहिली तवा वैशाखात एवढं ऊन नव्हतं. असतं तर लिहिलं असतं. तोवर मी सांगतो ते घ्या.”

वाघमारे सिस्टर मागं उभ्या होत्या. त्या विहारात जाणाऱ्या, पंचांगाशी त्यांचा संबंध न्हाई. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं शास्त्र मला कळत न्हाई. पन लोटा बराबर हाय. लिंबू जरा जास्त पिळत जा.” पुढं म्हणाल्या, “आमच्या लोकायला बी सांगून राहिले, लग्न दुपारचं धरू नका. माझं बी कुनी ऐकत न्हाई. तुमच्यासारखं पोट असतं तर ऐकलं असतं.”

एवढ्यावर गुरुजी थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांनी जाहीर केलं, “दुपारचं लग्न मी लावणार न्हाई. सकाळी लावीन, न्हाईतर गोरज मुहूर्तावर लावीन.” लोकांना हे जड गेलं. लांबचे पाहुणे सकाळी कसे येणार? गोरजाला लावलं तर परत कसे जाणार? कळमनुरीकडचा एक तरुण भटजी होता, तो पाहिजे तो मुहूर्त फोनवर द्यायचा. लोक त्याच्याकडं गेले. त्या वैशाखात गुरुजी घरीच बसले. त्यांचं पोट उतरलं. गावात काळजी सुरू झाली, कारण वळणावरून आता पोट आणि गुरुजी बरोबरच यायला लागले होते.

तेवढ्यात माझ्या धाकट्या नातीचं, कोमलचं लग्न ठरलं. नवरदेव पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाकडचा, मासे धरणाऱ्या घरातला. मी गुरुजींना बोलावलं, कारण माझ्या घरचं लग्न कळमनुरीवरून फोनवर लागणार न्हाई. पण मुहूर्त दुपारचाच, हे मी आधीच सांगून टाकलं.

“सकाळी लावू,” गुरुजी म्हणाले.

“सकाळी? काहून? चोरून पळवून लावून राहिलो का लग्न? थोरलीचं डीजे लावून केलं, धाकटीनं काय पाप केलं?”

“गंगाधरला उभं राहायचं हाय.”

“त्याला खुर्ची टाकू. पंखा लावू.”

आतून सुमन बाहेर आली. पदर खोचलेला, हात हळदीनं पिवळे. “आबा, माझा भाऊ खुर्चीत बसनार न्हाई. त्यानं सांगून धाडलंय, कोमलच्या पाठीशी उभा राहीन, न्हाईतर दारात बी येनार न्हाई. आन दुपारी उभा राहिला तर मला भाऊ राहनार न्हाई. आता तुमी बघा.”

मी म्हणालो, “ऊन-ऊन काय लावलंय सगळ्यांनी? माझं आयुष्य उन्हात गेलं. मला कधी लागलं न्हाई.”

गुरुजींनी छत्री मिटली. “व्हय? मग उद्या बारा-पस्तीसला कोट-फेटा घालून अंगणात उभे राहा. मी जुनं मंगलाष्टक म्हणतो, साडूसकट. शेवटच्या ‘सावधान’पर्यंत उभे राहिलात तर लग्न दुपारी.”

“आन पडलो तर?”

“पडलात तर तुमाला विचारायचं कारणच उरत न्हाई.”

मी माघार घेणारा माणूस न्हाई. दुसऱ्या दिवशी लोकरीचा कोट घातला, पोराच्या लग्नातला. फेटा बांधला. सगळं गाव भिंतीच्या कडेकडेनं सावलीला बसलं. गुरुजी समोर उभे राहिले. त्यांनी छत्री उघडली न्हाई. म्हणाले, “तुमी उन्हात आणि मी छत्रीत, हे बराबर न्हाई.” आणि सुरू केलं. काय तो आवाज! आत्या झाली, चुलते झाले. कोटात घाम असा वाहत होता का मोट सुटल्यासारखं वाटत होतं. डोळ्यांपुढं सगळं पिवळं दिसायला लागलं. ती हळद होती, अंगणात वाळत घातलेली. मी अजून हेच म्हणतो.

साडू आला. साडू गेला. गुरुजींनी शेवटचं घेतलं, “साऽऽव—” आणि आवाज तिथंच थांबला. गुरुजी हळदीच्या ढिगावर बसले. बसले म्हणजे पसरलेच. मी उभा होतो. हे सगळ्या गावानं पाहिलं.

वाघमारे सिस्टर धावत आल्या. गुरुजींचाच लोटा गुरुजींच्या तोंडाला लावला. गुरुजी तसल्यात बी पुटपुटले, “नद्या... नद्यांची नावं...” सिस्टर म्हणाल्या, “गप प्या! नद्या आपापल्या जागी हायेत.” दुसरा लोटा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “एक पडला, एक पडायच्या बेतात हाय. या वयात दोघं नवरदेव झाले. मी काही अशा लग्नाला येनार न्हाई.”

गुरुजी पिवळे झाले होते, पाठीमागून तर हळदीच्या दिवसाचे नवरदेवच दिसत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, “किसनराव, तुमी जिंकलात.”

मी म्हणणार होतो, मग लग्न दुपारी. पण सुमन मधे उभी राहिली. “जिंकलं कोन ते नंतर भांडा. मुहूर्त सकाळचा.” आणि आत गेली. तिच्या पाठोपाठ गाव बी उठून गेलं, म्हणजे निकाल लागला.

पत्रिकेवर वेळ काय छापायची, हे सांगायला गुरुजी माझ्या कानाशी आले. “साडेसहा छापा. आपली माणसं नऊला येतील. नऊ चांगलं. मी मुहूर्त पंचांगावरून काढतो आणि वेळ माणसांवरून.” मला पटलं. गुरुजी माणसं ओळखून होते.

इथंच गुरुजी चुकले. नवरदेवाकडची माणसं जाळी काढायला रोज उजाडायच्या आत धरणावर जाणारी. ती टेम्पोनं सहालाच हजर. डीजेवाल्याला जाग आली न्हाई, त्यामुळं परण्या मारुतीला जाऊन बी आला. गावातली निम्मी माणसं उन्हाच्या भीतीनं वेळेवर आली, निम्मी माझी फजिती बघायला आणखी लवकर आली. साडेसहाला सगळं वऱ्हाड मांडवात, नवरा पाटावर, नवरी पाटावर, आणि कोमलच्या पाठीशी गंगाधर. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर साधी टोपी. थरथरणारा हात त्यानं पाठीमागं धरून ठेवला होता. आणि गुरुजींचा पत्ता न्हाई.

सूर्य अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीवर आला. सुमन एकदा भावाकडं बघे, एकदा लिंबाकडं.

“गंगाधर, बस की जरा,” ती म्हणाली.

“नको ताई. एकदा उभा राहिलो.”

“आबा, ऊन वर येऊन राहिलंय. गुरुजी कुठं?”

मी थोरल्या पोराला मोटरसायकलवर पिटाळलं. गुरुजी घरी न्हाणीत होते, नऊच्या हिशोबानं निवांत. थोरल्यानं बाहेरून हाक मारली, “गुरुजी, सगळे आले!” आतून आवाज आला, “थट्टा करू नको!”

मांडवात आमी वाट बघून राहिलो होतो. एकदम गल्लीच्या टोकाकडून मंगलाष्टक ऐकू यायला लागलं. येळ वाया जाऊ नये म्हणून गुरुजींनी मोटरसायकलवरच सुरू केलं होतं. आधी आवाज आला, मग पोट, मग गुरुजी. ओलं धोतर, एका हातात छत्री, दुसऱ्यात लोटा, आणि तोंड चालूच. सगळा मांडव एका सुरात ओरडला, “गुरुजीऽ, उशीर!” मुकुंदगुरुजींना उशीर झाला असं म्हणायची संधी गावाला आयुष्यात एकदाच मिळाली, ती कुणी सोडली न्हाई.

गुरुजी हसले न्हाईत. लोटा फिरवला. व्याही मंडळी धरणावरची म्हणून पूर्णेचं नाव जरा जोरात घेतलं. अंतरपाट धरला. त्या दिवशी ते पोथीकडं बघत नव्हते. पूर्ण वेळ गंगाधरच्या गुडघ्यांकडं बघत होते. मंगलाष्टक आखूड घेतलं, साडू न्हाई, आत्या न्हाई. शेवटचं ‘सावधान’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गंगाधरनं हात वर केला. थरथरणाराच हात.

“गुरुजी, हे एक माझ्यासाठी लांब ओढा. जुनं.”

 गुरुजींनी सुमनकडं पाहिलं. सुमननं लिंबाकडं पाहिलं. ऊन अजून फांद्यांतच होतं. तिनं मान हलवली.

गुरुजींनी डोळे मिटले आणि ओढलं. मी तेवढं लांब ‘सावधान’ त्याआधी ऐकलं न्हाई आणि नंतर तर न्हाईच. ते वेशीपार गेलं, फाट्याकडं गेलं. आणि ते संपेपर्यंत गंगाधर कोमलच्या पाठीशी ताठ उभा होता. अक्षता पडल्यावर सुद्धा उभाच होता. फोटोवाला म्हणाला, “मामा, हसा.” गंगाधर हसला.

ऊन तापायच्या आत पंगती उठल्या, मांडव सुटला. व्याही म्हणाले, पहिल्यांदा लग्नातलं जेवण पोटात गेल्यासारखं वाटलं. 

पावसाळ्यात गुरुजींना त्यांच्या पोरानं संभाजीनगरला नेलं. थंडीत ते तिकडंच वारले. यंदा आमच्याकडं निम्मी लग्नं सकाळी लागली, निम्मी अजून बारा-पस्तीसचीच हायेत. पण लोटा सगळीकडं हाय. कळमनुरीचा तो तरुण भटजी बी आता पाटावर लोटा ठेवतो आणि नद्यांत कयाधू घेतो, कालवा बी घेतो. मी विचारलं तर म्हणाला, “आबा, हे फार जुन्या शास्त्रातलं हाय.” मी म्हणालो, व्हय, असंल.

कोमलच्या लग्नादिवशी जेवण झाल्यावर मी गुरुजींना म्हणालो, पोरगं गाडीवर सोडतं तुमाला. ते न्हाई म्हणाले. पोटावरून हात फिरवला, लिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं, आणि चुलतभावाला बांधावर गाठल्यासारखे म्हणाले, “आज आपण आधी आलो, किसनराव.” मी म्हणालो, “तुमी तर उशिरा आलात.” ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले आणि निघाले. छत्री काखेत होती, उघडली न्हाई, उघडायची गरजच नव्हती. देवळाच्या वळणावर आधी पोट दिसेनासं झालं, मग गुरुजी, आणि सगळ्यात शेवटी ती मिटलेली पांढरी म्हातारी.